गावातल्या १० ते १४ वयाच्या मुलांना मानवी हक्क शिकवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की वाचनालयात दर रविवारी पंधरा-वीस मुलांचा वर्ग घ्यायचाय, त्यासाठी पुस्तक कोणतं घ्यावं आणि गावकरी चिडतील का. मी यवतमाळ जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत शिकवतो. पुस्तकाचं नंतर बघू. आधी एक तराजू आणा.

मीही चार्टपासूनच सुरुवात केली होती. संयुक्त राष्ट्रांनी १० डिसेंबर १९४८ ला स्वीकारलेला मानवी हक्कांचा जाहीरनामा, त्याची ३० कलमं, ड्रॉइंग शीटवर स्केचपेननं. पोरांनी ती पाढ्यासारखी घोकली. कलम ४? गुलामगिरी बंद! कलम २६? शिक्षण! त्याच आठवड्यात सहावीतली एक मुलगी सहा दिवस कापूस वेचायला गेलेली होती आणि तिच्या रिकाम्या जागेकडे एकाही पोराचं लक्ष गेलं नाही. माझंही नाही, हे आधी सांगतो.

तराजूची गोष्ट २०२२ च्या डिसेंबरातली. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम, हे प्रमाण ठरलेलं आहे. शिजवलेलं अन्न शाळेत मिळालंच पाहिजे, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००१ चा. म्हटलं, हाच हक्क मोजून बघू. त्या दिवशी लहान ६२ आणि मोठी ३४ मुलं हजर होती. पोरांनी फळ्यावर हिशोब मांडला: ६ किलो २०० अधिक ५ किलो १००, म्हणजे ११ किलो ३०० ग्रॅम. किराणा दुकानातून तराजू आणला आणि स्वयंपाकाच्या काकूंनी भांड्यात काढून ठेवलेला तांदूळ तोलला. भरला ९ किलो ९००.

सातवीतला एक पोरगा ओरडला, "काकू तांदूळ चोरते!" मी त्याला गप्प केलं, पण हसत हसत. आत कुठेतरी मलाही वाटत होतं की पोरांनी पकडलंच म्हणायचं. जेवणाच्या सुट्टीत पोरं घरी पळाली आणि तासाभरात गावभर झालं. दुपारी काकू चुलीपुढे बसलेल्या, पदर डोळ्याला लावलेला, आणि खिचडीचं पातेलं तसंच झाकलेलं. वाढायला उठायलाच तयार नाहीत.

मग मी जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. काकूंना विचारलं, तांदूळ कशानं मोजता? त्यांनी पत्र्याचा डबा पुढे केला. वनस्पती तुपाचा, एक किलोचा. साडेअकरा डबे घेतले होते, म्हणजे त्यांच्या हिशोबानं थोडे जास्तच. पोरांनी तो डबा तांदळानं भरून तोलला तर ८६० ग्रॅम. तुपाला फटी नसतात, तांदळाच्या दाण्यांमध्ये हवा असते. किलोभर तूप मावणाऱ्या डब्यात किलोभर तांदूळ मावत नाही. आणि तो डबा काकूंना दिला कोणी होता? मीच, चारेक वर्षांपूर्वी. "महिन्याच्या शेवटी पोतं उरते जी सर," असं त्या मला दोनदा म्हणाल्याही होत्या. मी म्हटलं होतं, राहू द्या, पुढच्या महिन्यात कामी येईल.

त्या दिवशी मी चार्ट काढला आणि कलम ११ वाचून दाखवलं. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, आणि त्याला आपली बाजू मांडायची पूर्ण संधी. कोणी काही बोललं नाही. तो सातवीतला पोरगा उठून चुलीकडे गेला, "चुकलं काकू" म्हणाला. काकू म्हणाल्या, "पह्यले जेव, मंग बोल."

मुद्दा असा की आपण मुलांना हक्क शिकवतो तेव्हा त्यांच्या हाती पहिली वस्तू येते ती आरोपाची. तिला धार असते, आणि ती नेहमी सगळ्यात जवळच्या, सगळ्यात गरीब माणसावर चालते. सरपंचावर नाही, खिचडीच्या काकूंवर. त्यामुळे पहिल्या महिन्यात दुसऱ्याचं ऐकून घेणं शिकवा. मागणी पुढे आपोआप येते. आमच्याकडे आलीच. दुसऱ्या दिवशी एका मुलीनं विचारलं, काकूंना पैसे किती मिळतात? तेव्हा मानधन होतं महिन्याला १५०० रुपये. पोरांनी भागाकार केला, दिवसाला साठ-बासष्ट रुपये. त्या साली आमच्याकडे वेचणीचा भाव किलोला ८ रुपये होता, हात चालता असेल तर बाई दिवसाला ४० किलो वेचते. "मंग काकू कापूस काहून नाही वेचत?" हा प्रश्न पोरांनी मला नाही, थेट काकूंना विचारला. "माही पोरगी याच शाळेत हाय ना," एवढंच त्या म्हणाल्या. कामाच्या मोबदल्याचं कलम २३ मग मला समजावून सांगावं लागलं नाही.

आता गावकऱ्यांचं. चिडतात. मला पारावर एकानं विचारलं होतं, "पोट्ट्यायले वकील करून राह्यले का जी?" त्याला उत्तर देत बसलो नाही, पुढच्या वर्गाला बोलावलं. तुम्हीही पालकांना मागे बसू द्या. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया, हे शिक्षण हक्क कायद्यातच आहे, पण समितीत आपलं नाव आहे हे कित्येक पालकांना वर्गात बसल्यावरच कळतं.

खरा पेच वेचणीचा आहे आणि तो तुम्हालाही पडेल. मी वर सांगितलं त्या मुलीच्या वडिलांकडे गेलो होतो. त्यांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हक्क ठीक हाय सर, पन बोंड काय थांबते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. बालमजुरीचा कायदा वर्गात वाचला: २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या शेतात मदत मात्र चालते. मग पोरांनी हजेरीपटावरून नोव्हेंबर-डिसेंबरचे खाडे मोजले. मुलींचे बरेच जास्त निघाले. आणि त्यातल्या निम्म्या मुली शेतात नव्हत्याच, घरी होत्या. माय वेचायला गेली की लहान्याला सांभाळायला. हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. तोडगा तात्पुरता निघाला: भावाला कडेवर घेऊन शाळेत ये. ते बारकं पोरगं दोन महिने पहिलीच्या रांगेत पाटी चाटत बसलं. त्याच्या खिचडीचा हिशोब काकूंनी कोणाला विचारू दिला नाही.

हक्कांचं रक्षण म्हणाल तर एक पथ्य कडक पाळा. मुलांना मोठ्यांच्या भांडणात पुढे करू नका. पोलीस, सावकार, जंगलखातं, जातीचा वाद, कशातही निवेदनावर मुलांच्या सह्या नकोत. त्यांनी बघावं, तारीख घालून वहीत लिहावं, भरवशाच्या मोठ्या माणसाला सांगावं. पुढचं तुमचं काम. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. बालविवाहाची कुणकुण लागली तर तो लावा, आणि ग्रामसेवकालाही सांगा, गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो. तक्रारपेटी ठेवलीत तर किल्ली कोणाकडे राहील हे मुलांनाच ठरवू द्या. गुरुजींच्या खिशात किल्ली असेल तर पेटीत बिस्किटाचे कागदच निघतात.

आणि हो, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७, मुलांना मारायला बंदी, ते पहिल्याच दिवशी सांगा. ते तुमच्यावरच लागू होणार आहे.

जाहीरनामा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काढा. हंसा मेहतांची गोष्ट तेव्हा सांगा: पहिल्या कलमात सगळे 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र आणि समान अशा अर्थाचे शब्द होते, भारताच्या या बाईंनी आग्रह धरून तिथे 'मानव' करून घेतलं. आमच्या मुलींना ती फार आवडते. जवळची उदाहरणंही हवीत. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू कोणाचा या प्रश्नावर आमची पोरं तासभर भांडली. १९७२ चं देसाईगंज पोलीस ठाण्यातलं मथुरा प्रकरण, ज्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप पोलिसांवर होता, आणि त्यानंतर १९८३ ला बदललेला बलात्काराचा कायदा, हे मात्र नववी-दहावीच्या आधी नको, आणि तेव्हाही सोबत एखादी बाई शिकवायला असेल तरच.

शेवटचं, वेळ बदला. दिवाळीपासून जानेवारीपर्यंत रविवारी सकाळी तुमच्याकडे कोणी येणार नाही, सगळे शेतात असतील. संध्याकाळी सातनंतर ठेवा. वाचनालयात दिवा आहे ना? लोडशेडिंगचं वेळापत्रक तेवढं आधी बघून घ्या.