अमेरिकेत स्टुडंट अफेअर्समध्ये मास्टर्स करावं का? पुढे स्कोप काय?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की पुण्यात सायकॉलॉजीत बीए झालंय, कॉलेजात फेस्ट, एनएसएस, हॉस्टेल कमिटी सगळं करून झालंय, आता अमेरिकेत 'हायर एज्युकेशन अँड स्टुडंट अफेअर्स'मध्ये (म्हणजे हॉस्टेल, काउन्सेलिंग, मुलांच्या अडचणी, असं कॉलेजातलं वर्गाबाहेरचं सगळं सांभाळायचं शिक्षण) मास्टर्स करायचंय, तर खर्च किती, नोकरी लागते का, व्हिसाचं काय. आणि सगळ्यात शेवटी, घरचे म्हणतात एवढे पैसे घालून वॉर्डनच होणार ना. खर्च, व्हिसा येतंच पुढे, पण खरं सांगते, मी या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलेय. हेच वाक्य २०१४ साली माझ्या आत्यानं आमच्या सोप्यात बसून बशीत चहा ओतता ओतता म्हटलं होतं, वर "स्थळाला काय सांगायचं, पोरगी वॉर्डन आहे?" आत्याचं मी मनावर घेत नाही. पण अप्पा हसले. ते लागलं. कारण अप्पा स्वतः बोर्डिंगचे रेक्टर, म्हणजे वॉर्डनच.

सातारा जिल्ह्यातल्या एका संस्थेच्या बोर्डिंगात २६ वर्षं. मी बोर्डिंगच्या क्वार्टरमध्येच वाढले. पहाटे पाचची घंटा, अंघोळीच्या पाण्याच्या बंबाचा धूर, ओळीनं लावलेल्या पत्र्याच्या ट्रंका, हे माझं बालपण. सहामाहीचे मार्क आले की अप्पा पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बसायचे. "आपला पाल्य गणितात मागे पडत आहे. सवड काढून भेटून जावे. कळावे." एवढंच. आणि पुढच्या रविवारी कुणाचा तरी बाप भाकरीचं गठुडं घेऊन दारात उभा. गड्यासारखे मुलांमागे राबले, पण कागदोपत्री अप्पा शिक्षक, आणि रेक्टरकी म्हणजे अतिरिक्त कार्यभार. आजही आपल्याकडे तेच आहे. विद्यार्थी विकास अधिकारी कोण, तर ज्या प्राध्यापकाला नाही म्हणता आलं नाही तो.

अमेरिकेत हा स्वतंत्र पेशा आहे, एवढाच काय तो फरक, आणि तो मोठा आहे. कॉलेजातल्या मुलग्यांकडे बघणारे अधिकारी, ज्यांना डीन्स ऑफ मेन म्हणायचे, ते १९१९ साली पहिल्यांदा एकत्र बसले, त्यातून या पेशातली आजची नास्पा ही संघटना झाली. त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊरावांनी काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिकडची दुसरी मोठी संघटना एसीपीए १९२४ची, आणि साताऱ्याचं शाहू बोर्डिंगही १९२४चंच. हे मी पहिल्या सेमिस्टरला वाचलं तेव्हा उड्या मारत अप्पांना फोन केला. ते म्हणाले, "मग त्यांनी आपल्याकडे यायला पाहिजे होतं शिकायला. कोल्हापुरात तर बोर्डिंग १९०१लाच सुरू झालंय." झालं, फोन ठेवला.

आता कोर्स. दोन वर्षांचा असतो, कुठे एमए, कुठे एमएड, कुठे एमएस, नावावर जाऊ नका. काउन्सेलिंगची कौशल्यं, विद्यार्थी विकासाच्या थिअऱ्या (चिकरिंगचे सात व्हेक्टर म्हणजे मूल कोणत्या दिशांनी वाढतं, टिंटोचं मुलं कॉलेज का सोडतात, ॲस्टिनचं इन्व्हॉल्व्हमेंट म्हणजे मूल कॉलेजात किती गुंततं), कायदा, बजेट, असेसमेंट, प्रॅक्टिकम म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव. बोलिंग ग्रीन, इंडियाना, आयोवा स्टेट, मेरिलँड, फ्लोरिडा स्टेट ही जुनी नावं. सायकॉलॉजीवाल्याला अभ्यास जड जात नाही. पण खरं शिक्षण असिस्टंटशिपमध्ये होतं. म्हणजे युनिव्हर्सिटीतच आठवड्याला २० तास काम, त्यापेक्षा जास्त एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना करताही येत नाही. बदल्यात ट्यूशन माफ किंवा कमी, थोडा स्टायपेंड, हॉस्टेलची असिस्टंटशिप असेल तर खोली आणि मेसही. ॲडमिशन आणि असिस्टंटशिप हे बहुतेक ठिकाणी वेगळे इंटरव्ह्यू असतात, हे आपल्या मुलांना माहीतच नसतं, ॲडमिशन आली की पेढे वाटून मोकळे. असिस्टंटशिपशिवाय जाऊ नका. लोन काढून तर अजिबातच नाही. या लाइनमध्ये सुरुवातीचा पगार आयटीसारखा नाही, मला पहिली नोकरी लागली ती वर्षाला ३६ हजार डॉलर आणि राहायला बिल्डिंगमध्येच फ्लॅट. त्यात तुमचं तीस-चाळीस लाखांचं लोन कसं फिटणार ते तुम्हीच बघा.

तर शिकत असताना माझी असिस्टंटशिप हॉस्टेलची, मी असिस्टंट हॉल डायरेक्टर होते. ४००वर पोरांची बिल्डिंग, ११ आरए हाताखाली. आरए म्हणजे त्याच बिल्डिंगीत राहणारी सीनियर मुलं. ऑगस्टमध्ये त्यांचं ट्रेनिंग असतं, त्यात जुने आरए खोलीत बसून दारू प्यायल्याचं, रडण्याचं, रूममेटशी भांडण्याचं नाटक करतात आणि नव्यांनी दार वाजवून ते निस्तरायचं. अप्पांना सांगितलं तर पोट धरून हसले. "दार वाजवायचं ट्रेनिंग!"

फेब्रुवारी २०१६, माझं शेवटचं सेमिस्टर. बाहेर बर्फ, रात्रीचे अकरा, ड्यूटी फोन माझ्याकडे. पलीकडून एक बाई, तुटक इंग्लिशमध्ये, जळगावहून. मी सवयीनं नाव सांगितलं आणि त्यांनी एकदम मराठीच सुरू केलं. "अहो तुम्ही आपल्यातल्याच की! माझा मुलगा तुमच्याकडे आहे हो, चार दिवस फोन उचलत नाहीये." आवाज असा की माझ्याच पोटात गोळा आला. मी म्हटलं काकू, मी जाऊन बघते आणि त्याला निरोप देते. त्या म्हणाल्या, "निरोप नको हो, मला सांगा तो कसा आहे."

नियमाप्रमाणे एक आरए सोबत घेतला, दार वाजवलं, नाव सांगितलं, परत वाजवलं. तिसऱ्यांदा उघडलं. पडदे ओढलेले, कपड्यांचा ढीग, टेबलावर नूडल्सचे कप एकात एक घालून मनोरा केलेला, आणि १८ वर्षांचं पोर, डोळे सुजलेले. तीन आठवडे एकाही लेक्चरला गेला नव्हता. स्वतःला काही करून घ्यायचा विचार येतो का, हे सरळ शब्दांत विचारायचं असतं, ते विचारलं, नाही म्हणाला, तरी रात्रीच काउन्सेलिंगच्या ऑन-कॉल माणसाशी बोलणं करून दिलं. आणि मग मराठीत मला म्हणाला, "ताई, प्लीज, आईला सांगू नका."

तिथे १९७४चा एक कायदा आहे, फेरपा म्हणतात. मूल कॉलेजात गेलं की त्याच्या रेकॉर्डवरचा हक्क आईबापाकडून मुलाकडे जातो. जिवाला धोका असेल तर अपवाद. आईबाप अमेरिकेत टॅक्स भरत असतील आणि मुलगा त्यांच्या रिटर्नवर डिपेंडंट असेल तरी अपवाद, पण जळगावच्या बाईला त्याचा काय उपयोग. दुसऱ्या दिवशी काकूंचा परत फोन. "बरा आहे ना, एवढंच सांगा." मी म्हटलं मी त्याला भेटले, तो खोलीत आहे, त्याला तुम्हाला फोन करायला सांगितलंय. "म्हणजे काहीतरी आहे," त्या म्हणाल्या. मी गप्प. असं सहा दिवस.

त्या सहा दिवसांत मी काय केलं ते कुणी विचारत नाही. तो घाबरून दोन कोर्स ड्रॉप करायला निघाला होता. एफ-वनवर पदवीचं मूल १२ क्रेडिटच्या, म्हणजे पूर्णवेळ अभ्यासाच्या, खाली न विचारता गेलं की व्हिसाचं स्टेटस गेलं. मेडिकल कारणानं कमी क्रेडिट घेता येतात, पण डॉक्टरचं किंवा सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं आणि ड्रॉप करायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसची मंजुरी लागते. हा क्रम उलटा झाला असता तर पोरगा जळगावला परत. मी त्याला हाताला धरून काउन्सेलिंग सेंटर, ॲडव्हायझर, इंटरनॅशनल ऑफिस, या क्रमानं फिरवला. याला म्हणतात मास्टर्स. सहाव्या दिवशी माझ्या ऑफिसात बसून त्यानं आईला फोन लावला. मी बाहेर जाऊन उभी राहिले. काचेतून दिसत होतं, तो काही बोलत नव्हता, नुसता मान हलवत होता, फोनवर कुणाला दिसतंय ते.

त्याचं सेमिस्टर वाचलं, पुढे तो पासही झाला. काकूंचा मला एकच ईमेल आला, एका ओळीचा. "तुम्ही मराठी असून सांगितलं नाहीत."

मी तो अप्पांना वाचून दाखवला, मला वाटलं शाबासकी नाही तर निदान सहानुभूती मिळेल. अप्पा म्हणाले, "बरोबर आहे त्या माउलीचं. मी असतो तर त्याच रात्री सांगितलं असतं. आईशी खोटं बोलायला शिकवतात आणि त्याची डिग्री देतात?" मी म्हटलं खोटं एक शब्द बोलले नाही. ते म्हणाले गप्प बसणं वेगळं आहे का. मग माझाही तोल गेला आणि मी त्यांना बिडीचं काढलं.

मी चौथीत असेन. अकरावीतल्या एका मुलाच्या ट्रंकेत बिडीचं बंडल सापडलं. अप्पांनी संध्याकाळच्या आत त्याला ट्रंकेसकट एसटी स्टँडवर पाठवला. कुणाचं, कसं आलं, एक प्रश्न नाही. दिवाळीनंतर कळलं की बंडल दुसऱ्याचं होतं, तपासणीच्या भीतीनं याच्या ट्रंकेत टाकलेलं. तो मुलगा परत आला नाही. आणि काकूंचा फोन आला त्याच सेमिस्टरला लॉच्या तासाला आम्ही डिक्सन विरुद्ध अलाबामा हा खटला शिकत होतो. १९६० साली अलाबामातल्या मॉंटगोमेरीत काळ्या विद्यार्थ्यांनी कोर्टाच्या इमारतीतल्या लंच काउंटरवर बसून जेवण मागितलं, त्यातल्या ९ जणांना कॉलेजनं बाजू न ऐकता काढून टाकलं, आणि १९६१ला अपील कोर्टानं सांगितलं की सरकारी कॉलेजला असं करता येणार नाही, आरोप काय ते सांगा आणि मुलाचं ऐका. कॉलेज म्हणजे आईबापाच्या जागी, म्हणून काहीही करू शकतं, ही समजूत तिथून ढासळायला लागली. मी हे सगळं अप्पांना फोनवर, रात्री, ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दोन महिने आम्ही बोललो नाही.

म्हणून तुमच्या घरच्यांना सांगा की माया शिकायला अमेरिकेत जावं लागत नाही, ती अप्पांकडे पोतंभर होती. आपला हात कुठे थांबवायचा, कुणाला विचारल्याशिवाय काय करायचं नाही, आणि त्या मर्यादेत राहून पोराचं काम कसं करून आणायचं, हे शिकवावं लागतं. आपल्याकडे ते कुणी शिकवत नाही, सरळ चार्ज देतात.

पण एक प्रामाणिकपणे सांगते, अप्पांना अजून सांगितलेलं नाही. फेरपा हा रेकॉर्डचा कायदा आहे. मी डोळ्यांनी जे बघितलं ते आईला सांगायला तो कायदा काटेकोरपणे आड येतच नव्हता, हे त्याच लॉच्या तासाला एप्रिलमध्ये कळलं. आड आला तो आमच्या डिपार्टमेंटचा नियम, आणि त्या पोराचा शब्द. आज असतं तर मी त्याला पहिल्याच रात्री म्हटलं असतं, तुझ्यासमोर फोन लावू, काय सांगायचं ते तू ठरव. सहा दिवस नसते जाऊ दिले.

व्हिसाचं. ओपीटी, म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायची परवानगी, १२ महिने, ही डिग्री स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) नाही म्हणून पुढची २४ महिन्यांची वाढ नाही. युनिव्हर्सिटी नोकरी देणारी असेल तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत पडावं लागत नाही, हा या लाइनचा मोठा फायदा होता, मलाही तसाच मिळाला. पण सप्टेंबर २०२५मध्ये देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जावर १ लाख डॉलरची फी आली आणि युनिव्हर्सिट्यांना त्यातून सरसकट सूट नाही, म्हणजे तिथे शिकून तिथेच नोकरी धरली तर ठीक, मध्ये भारतात येऊन मग अर्ज करू म्हणाल तर अवघड. आपल्या मुलांना वाटतं इंटरनॅशनल ऑफिसात आपल्याला पटकन घेतील. व्हिसाची कागदपत्रं सही करणारा अधिकारी, त्याला डीएसओ म्हणतात, तो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवालाच लागतो, त्यामुळे तिथलं मुख्य काम तुम्हाला मिळणार नाही, कार्यक्रम घ्या आणि विमानतळावरून मुलं आणा, तेवढं. मल्टिकल्चरल सेंटर, म्हणजे वेगवेगळ्या वंशांच्या, संस्कृतींच्या मुलांसाठीचं ऑफिस, डोक्यात असेल तर टेक्सासमध्ये जानेवारी २०२४पासून सरकारी विद्यापीठांत तशी ऑफिसं कायद्यानंच बंद आहेत, ओहायोतही २०२५ला तसाच कायदा झाला, राज्य बघून अर्ज करा.

मी २०२१ला परत आले, पुण्यात एका खाजगी विद्यापीठात स्टुडंट अफेअर्समध्येच आहे. इकडे खाजगी विद्यापीठांत आता अशी ऑफिसं निघतायत, पण डिग्रीचं नाव वाचून अजून एचआरवाले विचारतात, हे बीएडसारखं का? सरकारी ठिकाणी या डिग्रीला पोस्टच नाही, ती आशा ठेवून जाऊ नका. गेल्या वर्षी मी ॲडमिशनच्या वेळी भरून घ्यायचा एक फॉर्म केला, अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं, नाव, नातं, नंबर. गावी गेले तेव्हा अप्पांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, शुद्धलेखनाच्या तीन चुका काढल्या आणि लाल पेनानं खाली एक रकाना वाढवला, "कुणाला कळवू नये". आत्या विचारत होती काय लिहिताय, म्हणाले ऑफिसचं काम आहे.

अर्जांच्या डेडलाइन जास्त करून डिसेंबर-जानेवारीत असतात, असिस्टंटशिपचे इंटरव्ह्यू फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे एसओपी, अर्जासोबतचा स्वतःबद्दलचा निबंध, दिवाळीच्या आधी लिहून व्हायला पाहिजे. त्यात फेस्टचं लिहू नका, सगळेच लिहितात. हॉस्टेल कमिटीत असताना कुणाशी वाजलं असेल आणि त्यात तुमचं चुकलं असेल, ते लिहा.