गिटारवरच्या सी ॲड९ आणि सी९ या कॉर्ड्समध्ये (एकत्र वाजवायच्या सुरांच्या गटांमध्ये) नेमका फरक काय? सी९ वाजवताना पहिली, म्हणजे सर्वांत बारीक, तार दबून आवाज बंद का होतो?

फरक कोमल निषादाचा. सी हा सा धरला तर मेजर कॉर्ड म्हणजे सा-ग-प. त्यात वरचा रे मिळवला की ॲड९. रेच्या आधी कोमल नी घातला की सी९, शुद्ध नी घातला की सी मेजर९. गंधार काढून रे ठेवला तर तो सस२ (sus2).

ॲड९ सोपा आहे. मधलं बोट पाचव्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधला घर), तर्जनी चौथीच्या २ऱ्यावर, अनामिका आणि करंगळी दुसऱ्या-पहिलीच्या ३ऱ्यावर, तिसरी तार मोकळी. जी कॉर्ड चार बोटांनी धरत असाल, तर अनामिका-करंगळी हलवायचीच नाहीत.

सी९ मध्ये मधलं बोट आणि तर्जनी तिथेच, पण अनामिका ३ऱ्या फ्रेटवर तिसरी ते पहिली अशी आडवी. तिचं पुढचं पेर उलट वाकत नसेल तर पहिली तार दबते. कोपर थोडं अंगाजवळ आणा. तरी जमेना तर ती तार सोडा. तिथे नुसता पंचम आहे, कोणालाही चुकल्यासारखं वाटणार नाही. सहावी तार मात्र मधल्या बोटाच्या टोकाने बंद ठेवा, नाहीतर खालून मोकळा ई घुमतो.

गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार असेल तर सासुद्धा सोडता येतो. ग आणि नी सोडलात, तर कॉर्डची ओळखच गेली.