कापडावरचा खंड्या

प्रश्न: खंड्याच्या फोटोवरून चित्रगोधडी करतेय. फ्यूजिंगने (इस्त्रीच्या उष्णतेने चिकटणाऱ्या कागदाने) कापडाचे तुकडे चिकटवले, तर पक्ष्याचं तोंड उलट्या दिशेला आलं! शिवाय तो सपाट दिसतो.

उत्तर: फ्यूजिंगच्या कागदावर गिरवलेला आकार कापडाच्या उलट बाजूला चिकटतो, म्हणून सुलट बाजूने तो आरशातल्यासारखा दिसतो. गिरवण्याआधीच नमुना पालथा करून घ्या. सपाटपणा रंगामुळे नव्हे, गडद-फिकट छटा नसल्यामुळे येतो. फोटो कृष्णधवल करून पाहा; पाठीच्या निळ्याला गडद, मध्यम, फिकट असे किमान 3 तुकडे लागतील. खालचा तुकडा वरच्याखाली 5 मिमी सरकवा, नाहीतर फट दिसते. डोळा मात्र जीव ओतून करा: काळ्या कापडावर, उजेड येतो त्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचे दोनच बारीक टाके. ते नसले तर पक्षी पेंढा भरल्यासारखा वाटतो.