वारस-चौकशीचा कागद कसा वाचावा

मध्ययुगीन इंग्लंडमधल्या वारस-चौकश्या (जमीनधारक मेल्यावर त्याची जमीन आणि वारस ठरवण्यासाठी होणाऱ्या सरकारी चौकश्या) वाचायला घेतल्यात, तर आधी एवढं बघा: मयत थेट राजाकडून जमीन धरणारा होता का? नसेल, तर हा कागद बहुधा सापडणारच नाही. साध्या कुळाचा वारस मॅनर कोर्टाच्या (जमीनदाराच्या स्थानिक न्यायालयाच्या) दप्तरात शोधा.

चान्सरीतून (राजाच्या लेखन-कचेरीतून) हुकूम आला की एस्कीटर (अशा जमिनी बघणारा राजाचा अधिकारी) जमीन राजाच्या ताब्यात घेतो आणि साधारण बारा स्थानिक पंचांना शपथेवर विचारतो: जमीन किती, कोणाकडून, कोणत्या सेवेवर, मृत्यू कधी, वारस कोण, वय काय. जमीन तीन काउंट्यांत असेल तर चौकश्याही तीन, आणि मृत्यूची तारीख तिन्हींत वेगळी निघू शकते.

वयाच्या बाबतीत नवशिके हमखास फसतात. ‘30 वर्षे आणि अधिक’ म्हणजे सज्ञान, एवढंच समजा. मुलगा 21चा झाला की राजाचा पालकत्वाचा हक्क (अल्पवयीन वारसाची जमीन आणि तिचं उत्पन्न ताब्यात ठेवण्याचा) संपतो, मग पंच कशाला काटेकोर राहतील? अल्पवयीनाचं वय त्या मानाने नेमकं असतं. त्यावर राजाचं उत्पन्न अवलंबून. जमिनीचं मूल्य मात्र बरेचदा कमीच लावलेलं असतं.

तारखा राज्यवर्षात, म्हणजे राजाच्या कारकिर्दीच्या कितव्या वर्षी अशा, असतात. एडवर्ड पहिल्याचं वर्ष 20 नोव्हेंबरला सुरू होतं. त्याचं दहावं वर्ष म्हणजे 20 नोव्हेंबर 1281 ते 19 नोव्हेंबर 1282. नुसते 1272मध्ये दहा मिळवलेत, तर 20 नोव्हेंबर ते 31 डिसेंबरच्या तारखांत एका वर्षाने चुकाल.

पुढचे कागद चान्सरीच्या रोलांत, म्हणजे गुंडाळ्यांच्या नोंदवह्यांत, असतात: वारसाला ताबा मिळाल्याचा हुकूम फाइन किंवा क्लोज रोलमध्ये, पालकत्वाची देणगी बहुधा पेटंट रोलमध्ये. विधवेचा तिसरा हिस्सा क्लोज रोलमध्ये बघा.