तुमचे प्रश्न : खेळणं थांबल्यावर क्रिकेटर काय करतो?

प्रश्न : माझी मुलगी 16 वर्षांची आहे, आठवड्यातून चार दिवस डोंबिवलीहून आझाद मैदानावर प्रॅक्टिसला जाते. 2 नोव्हेंबर 2025 ला आपल्या मुलींनी डीवाय पाटीलवर वर्ल्डकप जिंकला तेव्हापासून तर घरात दुसरा विषयच नाही. तिचे बाबा मात्र सारखं विचारतात, पुढे पोटापाण्याचं काय? डायना एडलजी खेळणं संपल्यावर बरीच वर्षं प्रशासनात होत्या असं कळलं. त्यांनी नक्की काय केलं? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर एडलजींच्या कामातच आहे. त्या मुंबईच्या, डावखुऱ्या स्पिनर, 20 टेस्टमध्ये 63 विकेट, भारताच्या कॅप्टन. हे सगळं 1976 ते 1991 च्या दरम्यानचं, म्हणजे मुलींच्या क्रिकेटमध्ये पैसा हा शब्दच नव्हता तेव्हाचं. बीसीसीआयकडे महिला क्रिकेट आलं 2006 मध्ये, त्याआधी त्यांची संघटना वेगळी होती आणि खिसा कायम रिकामा. अशा वेळी मुलगी 22-23 ची झाली की घरचे म्हणणार आता पुरे, आणि खेळ तिथेच सुटणार.

एडलजी पश्चिम रेल्वेत स्पोर्ट्स ऑफिसर होत्या आणि महिला क्रिकेटरना रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ऐकायला साधं वाटतं पण विचार करा, महिन्याच्या महिन्याला पगार, प्रॅक्टिसला वेळ, मॅचसाठी रजा आणि वर प्रवासाचा पास, हे मिळाल्यावर घरी कुणी खेळ सोड म्हणत नाही. भारताची माजी कॅप्टन मिताली राज रेल्वेत, आणि वर्ल्डकप जिंकणारी कॅप्टन हरमनप्रीत कौर 2014 मध्ये पंजाब सोडून मुंबईला आली तीही पश्चिम रेल्वेच्या नोकरीवर. देशातल्या महिला वनडे स्पर्धेत सगळ्यात जास्त विजेतेपदं रेल्वेची आहेत, ती काय उगीच नाहीत. मला विचाराल तर त्यांच्या 63 विकेटपेक्षा हे काम मोठं आहे, आणि हे मी विकेट कमी लेखून म्हणत नाहीये.

पुढे जानेवारी 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने बीसीसीआयचा कारभार बघायला चार जणांची प्रशासक समिती नेमली, त्यात त्या एकट्या महिला. दोघं त्याच वर्षी बाहेर पडले, त्या आणि समितीचे प्रमुख विनोद राय ऑक्टोबर 2019 पर्यंत राहिले. तो काळ सोपा नव्हता. 2018 च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकप सेमीफायनलला मितालीला बाहेर बसवलं त्यावरून खूप वाद झाला, खुद्द मितालीने पत्र लिहून एडलजींवर नाराजी व्यक्त केली, कोच नेमण्यावरून राय आणि त्यांचे मतभेद झाले. म्हणजे सगळेच निर्णय सगळ्यांना पटले असं नाही. 2023 मध्ये आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना घेतलं, भारताच्या पहिल्या महिला क्रिकेटर.

आता तुमच्या लेकीसाठी. रेल्वेची स्पोर्ट्स कोट्याची भरती निघते, वय साधारण 18 ते 25, खेळाच्या ट्रायल होतात आणि पोस्ट दहावी, बारावी, पदवी अशी शिक्षणाप्रमाणे असते. त्यामुळे कॉलेज सोडू देऊ नका, आणि खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेचं सर्टिफिकेट पहिल्या दिवसापासून एका फाईलमध्ये लावत जा. मी चांगल्या चांगल्या पोरींना ऐन वेळी कागद शोधत फिरताना बघितलंय, जीव तुटतो अगदी.

प्रश्न : 1971 ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये टेस्ट सिरीज जिंकून देणारे कॅप्टन अजित वाडेकर एमसीएच्या (मुंबई क्रिकेट असोसिएशन) अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हरले, हे मला अजून पचत नाही. मुंबईत क्रिकेटर निवडून का येत नाहीत? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : 2001 ची गोष्ट, समोर शरद पवार होते. 2011 ला दिलीप वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून हरले, 2022 ला संदीप पाटील अमोल काळेंकडून 183 विरुद्ध 158 मतांनी. कारण सरळ आहे, मतं प्रामुख्याने क्लबची असतात, प्रेक्षकांची नाही. क्लब चालवणाऱ्याला ग्राउंड हवं, पिच रोल करायला माणूस हवा, आणि हे कोण मिळवून देईल त्याला तो मत देतो, यात मला चूकही वाटत नाही. बरं, कुणीच आलं नाही असंही नाही, माधव मंत्री टेस्ट खेळलेले आणि एमसीएचे अध्यक्षही झाले.

पण अध्यक्षपदच कशाला धरून बसायचं? वेंगसरकरांचंच बघा, 2002 मध्ये बीसीसीआयने टॅलेंट रिसर्च डेव्हलपमेंट विंग काढली, कल्पना आपल्या मुंबईच्या मकरंद वायंगणकरांची आणि चेअरमन वेंगसरकर. रणजी खेळलेली माणसं छोट्या छोट्या गावांत जाऊन मॅच बघायची आणि रिपोर्ट पाठवायची, त्यातल्याच प्रकाश पोद्दारांनी जमशेदपूरला एक विकेटकीपर बघितला, तो धोनी. पुढे सिलेक्शन कमिटीचे अध्यक्ष असताना 2008 मध्ये कोहलीला टीममध्ये घेतलं तेही वेंगसरकरांच्या कमिटीनेच. किंवा पॉली उम्रीगर, जन्म सोलापूरचा, भारतासाठी टेस्टमध्ये पहिली डबल सेंच्युरी त्यांची, आणि नंतर सिलेक्टर, बीसीसीआयचे कार्यकारी सचिव, वर वानखेडेच्या पिचची देखभालसुद्धा. 223 मारलेला माणूस गवत आणि रोलर बघतोय, मला याचा फार आदर वाटतो.

प्रश्न : मी क्लब लेव्हलला 12 वर्षं खेळलो, आता गुडघा गेला. प्रशासनात यायचं तर सुरुवात कुठून करू? – एक वाचक, बोरिवली

उत्तर : आपल्याच क्लबपासून. पावसाळ्यात मुंबईच्या क्लबांची कांगा लीग असते, 1948 पासून चालू आहे, आणि दर रविवारी कुठल्यातरी क्लबला अकरा जण जमवणारा, फी भरणारा, स्कोअरबुक सांभाळणारा माणूस कमी पडतोच. एमसीएच्या अंपायर आणि स्कोअररच्या परीक्षाही असतात, त्याची चौकशी करा. आणि तुमच्या क्लबमध्ये मुली खेळत असतील तर त्यांना कपडे बदलायला जागा आहे का, एवढं पहिल्याच मीटिंगला विचारा.