गोव्याच्या फुटबॉलमधले सगळ्यात भारी क्षण कोणते?

माझ्या मते १९८३-८४ ची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, सगळ्यात वर. आदल्या वर्षी बंगालसोबत जेतेपद वाटून घ्यावं लागलं होतं, पण यावेळी गोव्याने एकट्याने जिंकली आणि तीही अख्ख्या स्पर्धेत एकही गोल न खाता, गोलात उभा होता ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर. एकसुद्धा गोल नाही हो, विचार करा! त्याला पद्मश्री मिळायला मात्र २०२२ उजाडलं, हे मला आजही खटकतं.

मग क्लबचा जमाना. साळगावकर क्लबने १९९८-९९ ला नॅशनल लीग, म्हणजे देशातल्या क्लबांची मुख्य लीग, गोव्यात आणली, आणि तिचंच नवं रूप असलेल्या आय-लीगची २००७-०८ ते २०१२-१३ सलग सहा जेतेपदं गोव्यातच, धेंपो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. एवढंसं राज्य आणि कोलकात्याच्या क्लबांना सहा वर्षं आय-लीग मिळू दिली नाही.

आणि एप्रिल २०२१, एफसी गोवा आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब. कोविडमुळे फातोर्डा स्टेडियम रिकामं, समोर इराणचा पर्सेपोलिस, आपल्या ब्रँडन फर्नांडिसची फ्री किक आली आणि एदू बेदियाने हेडर मारून १-० केलं. मॅच नंतर १-२ हरलो, पण ती पहिली काही मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.