तीन, सात आणि बारा वर्षांच्या मुलांना घेऊन घरी हॅलोविनचा भोपळा कसा कोरावा?

आपण लिहिले आहे की अमेरिकेतला आपला हा पहिलाच ऑक्टोबर आहे आणि तिन्ही मुलांना मिळून एक मोठा भोपळा आणायचा आपला विचार आहे. माझी विनंती अशी की एकाऐवजी तीन आणावेत. न्यू जर्सीतील आमच्या घरी पहिल्या वर्षी मी एकच आणला होता. थोरल्या मुलीने चेहरा आखला, करवतही तिनेच चालवली आणि तीन वर्षांचा धाकटा तासभर नुसता बाजूला उभा राहून शेवटी रडत झोपी गेला. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येकाचा भोपळा वेगळा असतो, आणि धाकट्याचा सर्वांत लहान, दोन्ही हातांत मावेल एवढा.

त्या लहान भोपळ्याला सुरी लावूच नये. तीन वर्षांच्या मुलाला रंग, चिकटचित्रे आणि जाड ब्रश द्यावा, आणि मोठ्या भोपळ्यांमधील बिया वेचून पातेल्यात टाकण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. काही मुलांना आतील बुळबुळीत तंतूंचा स्पर्श सहन होत नाही. अशा वेळी आग्रह न करता लाकडी चमचा हाती द्यावा.

सात वर्षांच्या मुलाला मात्र खरे, कष्टाचे काम हवे असते, आणि ते भरपूर आहे. आइस्क्रीम काढण्याच्या चमच्याने आतील भाग खरवडून ज्या बाजूला चेहरा येणार ती भिंत साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची करणे हे सगळ्या कोरीवकामातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे, कारण भिंत जाड राहिली तर करवत अडकते आणि प्रकाशही बाहेर नीट पडत नाही. त्यानंतर कागदावर काढलेला चेहरा भोपळ्यावर चिकटवून त्याच्या रेषांवर टाचणीने एकमेकांलगत भोके पाडावीत आणि कागद काढून टाकावा. ही आखणी सात वर्षांचे मूल मोठ्यांपेक्षाही चिकाटीने करते, असा माझा अनुभव आहे.

करवत बारा वर्षांच्या मुलाकडे द्यावी, परंतु आपण शेजारी बसूनच. स्वयंपाकघरातील सुरी वापरू नये. ती जाड सालीत रुतते आणि ओढून काढताना हात निसटतो. या दिवसांत दुकानांत मिळणारी बारीक दातांची छोटी करवत हलक्या हाताने वर-खाली चालवली की पुरते. हात आणि भोपळ्याची साल दोन्ही कोरडी असावीत, दुसरा हात करवतीच्या वाटेत नसावा, आणि आधी डोळे व नाक कापून तोंड शेवटी घ्यावे, म्हणजे भोपळा अखेरपर्यंत दाब सोसतो. कोरलेल्या तोंडातला एखादा दात तुटलाच तर दातकोरणीची काडी खोचून तो पुन्हा बसवता येतो.

भोपळा उघडण्याचा पहिला मोठा काप आपणच घ्यावा. बहुतेक जण देठाभोवती झाकण कापतात. तसे केल्यास करवतीचे टोक मध्याकडे तिरके ठेवावे, नाहीतर झाकण आत पडते. मी मात्र मागच्या बाजूला भोक पाडते, कारण देठ शाबूत राहिला की भोपळ्याचा आकार अधिक दिवस टिकतो. माझ्या माहेरी अख्ख्या भोपळ्यावर बाईने पहिला वार करायचा नाही, अशी रीत होती. मी पहिल्यांदा भोपळा फोडला तेव्हा आई व्हिडिओ कॉलवर क्षणभर गप्प राहिली आणि मग ‘हात जप’ एवढेच म्हणाली.

कोरलेला भोपळा फार टिकत नाही. काही दिवसांतच तो आतून मऊ पडतो आणि बुरशी धरतो. त्यामुळे ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोविनच्या, दोन-तीन दिवस आधीच कोरायला बसावे. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीवरचा दिवा ठेवावा, कारण त्या रात्री खाऊ मागायला दारात आलेली, लांब, झुळझुळीत पोशाख घातलेली मुले वाकून पाहतात.

बिया धुऊन, पूर्ण वाळवून, तेल, मीठ आणि थोडे तिखट लावून ओव्हनमध्ये १५० ते १६० अंश सेल्सिअसवर कुरकुरीत होईपर्यंत भाजाव्यात. कोरण्याच्या मोठ्या भोपळ्याचा गर मात्र पाणचट असतो. घारगे करायचे असतील तर ‘पाय पम्पकिन’ या नावाने मिळणारा लहान, गोड भोपळा वेगळा आणावा.

एक गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवावी, की कोरलेले दोन्ही भोपळे आठवड्याभरात टाकावे लागतील. आम्ही ते परसातल्या खताच्या खड्ड्यात नेतो. धाकट्याचा न कापलेला भोपळा मात्र थंड, कोरड्या जागी ठेवल्यास नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंतही राहतो, आणि आमच्या घरी तो तेवढे दिवस जेवणाच्या टेबलावर असतो.